कै. नानाजींचे चिरंजीव

जगदेवचा अर्ज वाचून दौलतसिंगाने तो त्याच्या हातात परत दिला आणि विड्याचं पान जुळवायला घेतलं. कारंज्याच्या पोस्टासमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या या माणसाच्या शब्दाला त्या भागात वजन होतं.

"याच्यात हाये काय?" तो म्हणाला. "सातवी पास, अक्षर वळणदार, वर्तन चांगलं. असं तर समदेच लिवतात. वाचनाऱ्याले वाईट वाटलं पाह्यजे."

मंदीचे दिवस होते. शाळाखात्याने जगदेवला नाही म्हटलं होतं, टपालखात्याने तेवढेही कष्ट घेतले नव्हते, आणि कामरगावच्या एका दुकानदाराने हिशेब लिहायला म्हणून बोलावून त्याला सुपारी फोडायला बसवलं होतं. प्रत्येक वेळी तो धनजला घरी परतला की त्याचे वडील नानाजी काही विचारत नसत. पाण्याचा तांब्या पुढे करत आणि वावराकडे निघून जात. ते न विचारणंच जगदेवला फार जड जाई.

दौलतसिंगाने नवा अर्ज इंग्रजीत लिहिला. जगदेवचं इंग्रजी अक्षराला अक्षर लावून वाचण्यापुरतं. वडिलांच्या नावामागे त्याला 'लेट' हा शब्द दिसला. तो त्याला चांगला ठाऊक होता, कारण मूर्तिजापूरची गाडी कारंज्याला रोज लेट येई. नानाजीही पंगत उठल्यावर लग्नाला पोचणारे. हे दौलतसिंगाला कुणी सांगितलं याचं त्याला नवल वाटलं, पण लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. त्याने सही केली.

या अर्जाला मात्र उत्तर आलं. भागचंद शेटजींच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्यांची नोंद ठेवायला कारकून हवा होता. जगदेव धुतलेला सदरा घालून हजर झाला. शेटजींनी त्याला जवळ बसवलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "वडिलांना काय झालं होतं रे?"

जगदेवला काही उमगेना. मग शेटजींनी अर्जातल्या त्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते एवढ्या तरुण वयात डोक्यावरचं छत्र जाण्याबद्दल बोलू लागले. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. नाही म्हणावं, तर खोटारडा ठरून बाहेर. हो म्हणावं, तर जिवंत बापाला मारल्यासारखं. त्याने मान खाली घातली. आणि लाजेने त्याचे डोळे भरून आले.

ते पाणी पाहून शेटजींनी आपलेही डोळे पुसले. त्याच्या डोक्यावरचे केस आणि ओठावरच्या मिशा पाहून त्यांनी स्वतःच ताडलं की घटना अगदी ताजी आहे आणि दहावाही व्हायचा आहे. ते म्हणाले, "तेरवी होऊन जाऊ दे, मग ये. जागा तुझीच."

जगदेव तडक लिंबाखाली गेला. दौलतसिंगाने शांतपणे ऐकून घेतलं.

"लागली ना नौकरी? मंग काहून चिडून राह्यले?" तो म्हणाला. "मी तर तुमच्या मायलेबी लेट लिवनार होतो. कागद पुरला नाही."

आता जिनात पुन्हा पाऊल टाकायचं तर डोकं नि मिशा उतरवणं भाग होतं. गावच्या न्हाव्याकडे गेलं तर तो आधी विचारणार, कोण गेलं? म्हणून जगदेवने कारंज्याच्या बाजारातच सगळं उरकून घेतलं आणि डोक्याला रुमाल गुंडाळून धनजची वाट धरली. मिशांवर रुमाल बांधता येत नाही, हे त्याला वेशीत शिरल्यावर सुचलं.

नानाजी लेकीला भेटायला अनसिंगला गेले होते आणि आदल्या दिवशीच परत यायचे होते. त्यांची वाट पाहत त्याची आई, गोजराबाई, दारातच बसली होती. तिने पोराचा उघडा ओठ पाहिला, रुमाल ओढला, आणि तिच्या तोंडून जो हंबरडा फुटला तो पार मारुतीच्या पारापर्यंत गेला. "माय, तसं नाई," एवढं जगदेव म्हणेपर्यंत शेजारणी धावल्या. दोघींनी गोजराबाईला धरलं, तिसरीने तिच्या हातातल्या बांगड्या वाढवल्यासुद्धा. तो जितका "बा जिता हाये" म्हणून सांगू लागला, तितकं लोक त्याला सावरू लागले. पोराच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून एकाने त्याच्या तोंडावर पाणीही मारलं.

दिवस कलताना नानाजी आले, नेहमीप्रमाणे एक दिवस उशिरा. आपल्या दारात माणसं पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि मागे जाऊन बसले. आत बाया गेलेल्या माणसाचे गुण गाऊन रडत होत्या. कुणाला वाकडं बोलला नाही, कुणाच्या बांधावर गेला नाही. ऐकून नानाजींनाही गलबललं. त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं, "कोन गेलं बाप्पा?"

"नानाजी," तो मागे न वळता म्हणाला.

"कोनता नानाजी?"

तेव्हा तो वळला.

गाव पुढे कित्येक दिवस हसलं. गोजराबाई हसली नाही. तिने आधी कासाराला बोलावून हात भरून हिरव्या बांगड्या घातल्या, आणि मग कितीतरी दिवस ती पोराशी बोलली नाही. त्याच्यापुढे ताट ठेवताना बांगड्या तेवढ्या वाजत.

जगदेवने त्या संध्याकाळी वडिलांपुढे सगळं सांगितलं. उद्याच शेटजींकडे जाऊन खरं काय ते सांगून येतो, असंही म्हणाला. नानाजींनी अंगणातल्या बैलापुढे कडब्याची पेंढी टाकली. मग विचारलं, "नौकरी कायमची हाये?"

"हो."

"मंग राहू दे मले मेलेला."

जगदेव कामाला लागला. कारंज्यातच एका खोलीत राहू लागला. नानाजींनी कारंज्याचं नाव टाकलं. आपला कापूसही ते मूर्तिजापूरला नेऊ लागले. पण हंगाम संपत आला तसं त्यांना राहवेना. पोरगा खुर्चीवर बसलेला एकदा पाहायचा होता. फेटा पार भुवयांपर्यंत ओढून ते जिनाच्या फाटकाशी उभे राहिले आणि आपण जगदेवचे काका आहोत असं चौकीदाराला सांगितलं.

शेटजींनी त्यांना आग्रहाने आत बोलावून गादीवर बसवलं, चहा मागवला. पोरगा कष्टाळू आहे, खोटं म्हणून बोलत नाही, असं त्यांनी सांगितलं. समोर जगदेव मान खाली घालून लिहीत होता. त्याची लेखणी थांबली.

"तुमचे भाऊ कसे होते हो?" शेटजींनी विचारलं.

नानाजींनी बशी खाली ठेवली. "साधाच होता. पोराले शिकवलं त्यानं, पन कुठी चिकटवता नाई आलं. पोरासमोर उभं राह्यची लाज वाटे त्याले. म्हनून काई बोलत नोता पोराशी."

जगदेवने वर पाहिलं. ही गोष्ट त्याला या जन्मात कुणी सांगितली नव्हती.

"आज असते तर पोराला इथं पाहून खुश झाले असते," शेटजी म्हणाले.

"त्यानं पाह्यलं, शेटजी," नानाजी म्हणाले.

शेटजींनी वर छताकडे पाहून हात जोडले.

जगदेव फाटकापर्यंत सोडायला गेला. तिथं चौकीदार उभा होता, गाडीवाले उभे होते. तो वडिलांच्या पायाशी वाकला. "नीट जाजा, काका," त्याने मोठ्याने म्हटलं.

"हो बाप्पा," नानाजी म्हणाले, आणि कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत निघाले.