हेमांगीला गाडी लागत नाही

आमच्या घळवली गावात माणूस ज्या गाडीत पहिल्यांदा ओकतो, तिच्यावर त्याचं जन्मभर प्रेम बसतं. गाव घाटाच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे यात कुणाला नवल वाटत नाही. बाहेरगावची माणसं म्हणे गाड्यांची चित्रं बघून, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवरून हात फिरवून गाड्यांच्या नादी लागतात. लागत असतील बुवा. आम्हाला ते वरवरचं वाटतं.

आमच्याकडे पोर घाटात चढतं, तिसऱ्या-चौथ्या वळणावर पांढरंफटक पडतं, गाडी थांबवायला सांगतं, आणि गाडी थांबायच्या आत व्हायचं ते होऊन जातं. मग खाली उतरवून त्याचं तोंड धुवायचं. तोंड पुसून झालं की पोर मागे वळून गाडीकडे बघतं. तेच ते बघणं. इतके दिवस नुसती गाडी होती, आता ती त्याची झालेली असते. आई-बाप एकमेकांना म्हणतात, लागली, आणि पेढे आणायला माणूस पाठवतात.

चांगल्या घरचे लोक या लागणीसाठी मुद्दाम उंची गाडी भाड्यानं आणतात. देसायांनी नातवासाठी पुण्याहून काळी लांबलचक गाडी मागवली होती, आत थंड हवा आणि सीटवर चामडं. कार्टं घाटभर गुलाबजाम खात हसत बसलं आणि परतीला भाजीच्या टेंपोत ओकलं. आज तो मोठा इंजिनियर आहे, परदेशात जाऊन आला, पण बाजारात टेंपो दिसला की हातातलं काम टाकून त्याच्यामागे चालायला लागतो. बायको काही बोलत नाही. तिला रिक्षा लागलेली आहे.

मला स्वतःला एसटी लागली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या ह्यांना शववाहिका लागली. लहानपणी तालुक्याहून येताना दुसरी गाडी मिळाली नव्हती. हे आजही गावातल्या एकाही मयताला चुकत नाहीत, आणि लोकांना वाटतं केवढा माणुसकीचा गृहस्थ. मी कुणाला सांगत बसत नाही.

कुणाला काय लागलं हे ग्रामपंचायतीची लागण समिती ठरवते. अध्यक्ष मोकाशी सर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना रोडरोलर लागला आहे. रोडरोलरवर माणूस ओकेलच कसा, असा आक्षेप त्यांच्या वेळी निघाला होता, आणि दोष वेगाचा नसून आदल्या रात्री खाल्लेल्या खेकड्यांचा आहे असंही एका सभासदाचं म्हणणं होतं. समितीनं निर्णय दिला की ओकारीचं कारण बघायचं नाही, गाडी बघायची. तेव्हापासून समितीचा कारभार स्वच्छ चालला आहे.

आता मूळ गोष्टीवर येते. दिगंबर माझा धाकटा भाऊ. त्याला लहानपणी डॉक्टरांची फियाट लागली, हळदीच्या रंगाची. पुढे डॉक्टर गाव सोडून गेले तेव्हा दिगूनं पोटाला चिमटा घेऊन ती विकत घेतली, आणि त्यानंतर लग्न केलं. हा क्रम वहिनीनं त्याला कधी माफ केला नाही. ती बिचारी आता नाही, पण माफ केलं नव्हतं हे मला ठाऊक आहे.

दिगूला एकच मुलगी, हेमांगी. तिलाही आपलीच फियाट लागावी एवढी एकच इच्छा त्यानं आयुष्यात धरली. त्यासाठी त्यानं काय केलं नाही? पोर सहा महिन्यांची असल्यापासून तिला घाटात फिरवायचा. मोठी झाल्यावर शिळ्या तेलातली भजी चारायचा, वर ताक, आणि मग मागच्या सीटवर बसवून तिच्या हातात वर्तमानपत्र द्यायचा. वळण आलं की म्हणायचा, अग्रलेख वाच. पोरीनं सगळे अग्रलेख वाचले, शब्दकोडी सोडवली, आणि वर पोचल्यावर विचारलं, बाबा, अजून भजी आहेत का? दगडाचं पोट. आमच्या घराण्यात असं कुणाचं नाही, ते वहिनीच्या माहेरचं.

हेमांगीला फियाट लागली नाही आणि दुसरीही कुठली लागली नाही. ती आता आंबा कॅनिंगच्या कारखान्याची गाडी चालवते, म्हणजे चालवायला येतं, पण पोळपाट-लाटणं वापरावं तशी. काम झालं की किल्ली खिळ्याला. मागे वळून बघणं नाही. लग्नाच्या दोन ठिकाणांहून विचारणा झाली, मुलीला कोणती लागली म्हणून. काहीच नाही म्हटल्यावर ती माणसं चहा अर्धा टाकून उठली. हेमांगीनं त्यांचा उरलेला चहा पिऊन टाकला. तिला त्याचं दुःख असं झालं नाही.

दुःख दिगूला. आणि त्यातच त्याला काचबिंदू झाला. समोर थोडं दिसतं, बाजूचं सगळं गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. आता आमच्याकडचा नियम असा, की गाडीचा माणूस गाडी चालवेनासा झाला आणि घरात दुसऱ्या कुणाला ती लागलेली नसली, तर गाडी घरात ठेवता येत नाही. भंगारात जाते. कठोर वाटतं, पण ज्या गाडीवर कुणाचं प्रेम नाही ती अंगणात उभी राहणं बरं नव्हे. बेवारस गाड्यांची हवा अंगणातल्या तुळशीलासुद्धा बाधते, हे आम्ही पाहिलेलं आहे.

भंगाराचा धंदा शेटकरांचा. त्यांचं आवार घाटमाथ्यावर आहे. ते येऊन फियाटभोवती फिरून गेले, बोनेटवर टकटक करून गेले. त्या दिवसापासून दिगू जेवेना. ताट पुढे ठेवलं की म्हणायचा, अक्का, नको. आंधळा होत चालल्याचं त्यानं एकदाही नाव काढलं नाही, पण फियाट जाणार म्हणून माणूस आतून सुकत गेला. मला त्याचा राग यायचा आणि रडूही यायचं.

कायद्याप्रमाणे शेवटची एक संधी असते. समितीचे अध्यक्ष गाडीत बसून घाट चढतात, उमेदवाराला मागे मध्यभागी बसवतात, आणि वर पोचेपर्यंत लागली तर गाडी वाचते. घशात बोट घालायला बंदी आहे. तसं पूर्वी काहींनी करून पाहिलं, पण नंतरचं ते बघणं त्यांना जमलं नाही आणि ते पकडले गेले.

हेमांगी आधी तयारच नव्हती. म्हणाली, आत्या, मला ती गाडी आवडत नाही, मी खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, बोलू नकोस, नुसती ओक. बाप जेवत नाही तुझा. तेव्हा उठली.

गाडी शेटकरांनीच चालवली, कारण लागली नाही तर ती तिथूनच आवारात न्यायची होती. त्यांच्याशेजारी दिगू. मागे एका बाजूला मोकाशी सर, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये हेमांगी. सकाळपासून तिला काय काय खायला घातलं होतं ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. शेटकर वळणं मनापासून घेत होते. माणूस धंद्याचा असला तरी त्या बाबतीत सरळ. पहिल्या वळणाला मोकाशी सरांनी विचारलं, काही वाटतंय का? हेमांगी म्हणाली, नाही. दुसऱ्याला विचारलं, नाही. पुढच्या वळणावर सरच खिडकीबाहेर तोंड काढून बसले. पुढे दिगू मान न वळवता बसला होता. प्रत्येक वळणावर त्याचे कान मागे लागलेले मला दिसत होते.

घाटमाथा आला. गाडी थांबली. हेमांगी खाली उतरली, अगदी ताजीतवानी. दिगूनं दार चाचपडून उघडलं, उतरला, आणि बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. बोनेट गरम होतं, तरी हात काढला नाही.

मोकाशी सरांनी रुमालानं तोंड पुसलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, ही गाडी तुला लागली का? हेमांगी म्हणाली, नाही. सरांनी दिगूकडे बघून मान हलवली. दिगूला ते दिसलं नसावं, पण समजलं.

आता खरं म्हणजे सगळं संपलं होतं. पण शेटकरांना आवारात आणखी दोन गाड्या तोडायच्या होत्या. ते वैतागून म्हणाले, "अहो सर, तिला काय विचारत बसलात? ही गाडी तिची कोण लागते?"

हेमांगी गर्रकन वळली. "बहीण लागते," ती म्हणाली. "थोरली."

शेटकर हसले. मोकाशी सर हसले नाहीत.

मग पोरीचा बांध फुटला. म्हणाली, घरात सावली तिला आणि ऊन मला. पाऊस आला की बाबा आधी हिच्यावर ताडपत्री टाकणार, मग दोरीवरचे माझे कपडे काढणार. रोज सकाळी उठून हिचं पाणी बघणार, आणि मी जेवले का ते आईला विचारणार. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला उशीर, का तर हिला धक्का मारत होते. शेजारीपाजारी विचारायचे, दिगूकाका, पोरगी कशी आहे, तर बाबा सांगायचे, परवाच ऑइल बदललं. एवढं बोलून ती थांबली, नाक पुसलं, आणि म्हणाली, "मला ती आवडत नाही. पण बहीण आवडायलाच लागते असं कुठं आहे?"

चहाच्या टपरीवरचा माणूस गाळणी हातात धरून बघत राहिला.

"लागते म्हणालीस ना?" मोकाशी सरांनी विचारलं.

"हो. लागते."

सर बाजूला जाऊन उभे राहिले. समितीचे बाकीचे सभासद खाली गावात होते, त्यामुळे त्यांनी एकट्यानंच चर्चा केली. ती बराच वेळ चालली. मध्ये त्यांचं स्वतःशी दुमत झालेलंही दिसलं. मग परत येऊन ते म्हणाले, "नियमात 'गाडी लागली पाहिजे' एवढंच आहे. कशी लागली पाहिजे ते नियमात नाही. गाडी लागते."

शेटकरांनी ओकारीचा मुद्दा काढला. सर म्हणाले, कारण बघायचं नाही हा जुना निर्णय आहे, आणि प्रश्न तुम्हीच विचारलात, शेटकर. समितीला तो सुचला नव्हता. शिवाय आता ती घरातली थोरली मुलगी ठरली. घरातली मुलगी किलोवर विकत नाहीत. शेटकरांनाही हे पटलं. त्यांना तीन मुली आहेत. त्यांनी किल्ली हेमांगीच्या हातात दिली आणि टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला. दिगूनं दोन ग्लास घेतले आणि वर पाव खाल्ला. इतक्या दिवसांनी त्याला खाताना बघून मी तिथंच पदर डोळ्याला लावला.

मोकाशी सर मिळेल त्या दुसऱ्या गाडीनं येतो म्हणाले. पुन्हा तोच घाट त्याच गाडीत उतरायची त्यांची तयारी नव्हती. त्या वयात दुसरी गाडी लागली म्हणजे घरी रोडरोलरला काय सांगायचं? आम्ही तिघं निघालो. हेमांगी चालवायला बसली, मी शेजारी, आणि दिगू पहिल्यांदाच मागच्या सीटवर. त्याला तिथं कसं बसायचं ते नीट कळत नव्हतं. ब्रेक लागला की त्याचा पायही हलायचा.

अर्धा घाट उतरून झाला. मग हेमांगीनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "बाबा, हिला हाक काय मारता तुम्ही?"

दिगूनं पुढच्या सीटची कड चाचपून धरली. मग म्हणाला, "आता काही नाही. आधी हेमांगी म्हणायचो."

"म्हणजे?"

"रंग बघून ठेवलं होतं. सोन्यासारखी दिसायची तेव्हा. मग तू झालीस. तुला हातात घेतलं आणि दुसरं नाव तोंडात येईना. म्हणून हिचं काढून तुला दिलं." जरा थांबून तो म्हणाला, "हिला मग दुसरं ठेवलंच नाही. बरं वाटेना."

मला गलबलून आलं. पण घाटात गलबलणं आणि मळमळणं यांतला फरक चटकन सांगता येत नाही, म्हणून मी खिडकीला धरून बसले. पुढचं वळण अवघड होतं. एरवी ती गिअर खटकन टाकते, लाटणं आपटावं तसा. या वेळी तिनं तो इतका अलगद टाकला की मागे दिगूनं विचारलं, "गाडी बंद पडली का गं?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "दोघी चाललोय."