कुलथे मास्तरांचा ‘तो माणूस’

कुलथे मास्तरांनी मला तो प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा आम्ही दोघं स्मशानात उभे होतो. शाळेच्या शिपायाचे वडील गेले होते. लाकडं ओली, चिता धड पेटत नव्हती, आणि माणसं डोळे पुसत धुरातून बाजूला सरकत होती. तेवढ्यात मास्तर माझ्या कानाशी लागले. म्हणाले, "बोला, त्या माणसाचं सगळ्यात मोठं काम कोणतं?"

मी म्हटलं, "चार पोरं मार्गी लावली, हेच."

"हा नव्हे हो! तो!" असं म्हणून त्यांनी हवेत दोन बोटं तुरुतुरु चालवून दाखवली.

तो म्हणजे परदेशातला एक कार्टूनवाला. कागदावरच्या चित्रांना त्यानं म्हणे पहिल्यांदा चालायला, पडायला आणि पडून उठायला शिकवलं. त्याचं नाव मास्तर कधीच घेत नसत. जुन्या वळणाच्या बाया नवऱ्याचं नाव जितक्या भक्तीनं टाळतात तितक्याच भक्तीनं ते ‘तो माणूस’ म्हणत, आणि समोरच्यानं ओळखावं अशी त्यांची अपेक्षा असे. मी बदली होऊन मिरजगावच्या हायस्कुलात आलो तोवर गावातल्या म्हशीसुद्धा त्याला ओळखू लागल्या असाव्यात. मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. राहायला आम्ही शेजारी होतो, मधली भिंत एकच. म्हणजे माझी सुटका नव्हती.

उत्तर दिलं की मास्तर गुण देत, दहापैकी. हेडमास्तर एकदा म्हणाले, "त्यानं चित्रांत रंग आणले, हेच मोठं काम." "चार," मास्तर म्हणाले, "रंग काय, होळीतही असतात." आमचा न्हावी सदाशिव वस्तरा परजता परजता म्हणाला, "मुक्या जनावराला बोलतं क्येलं की वो त्यानं. लई झालं." त्याला पाच मिळाले. मी विचार करून ‘चिकाटी’ म्हटलं. एका उडीसाठी इतकी चित्रं काढायची म्हणजे गंमत नाही. मला दोन गुण. "चिकाटी ढेकणालाही असते," मास्तर म्हणाले.

"मग दहापैकी दहाचं उत्तर कोणतं?"

"ते सांगितलं की परीक्षा संपली."

कागदांचा गठ्ठा दिसला की मास्तरांचा हात शिवशिवत असे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ते बारीकसं चित्र काढत, पुढच्या पानावर तेच चित्र केसभर सरकवून. मग अंगठ्यानं पानं सरसर सोडली की कोपऱ्यातला कुत्रा स्वतःच्या शेपटीमागे धावू लागे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी भूगोलाची टाचणवही हातात घेतली आणि नुसती चाळली. खरीप पिकांपासून खनिज संपत्तीपर्यंत एक कोंबडा शिडी चढत गेला आणि धाडकन पडला. साहेबांनी वही पुन्हा चाळली. मग तिसऱ्यांदा चाळली. मला खुलासा द्यावा लागला. मास्तर मात्र साहेबांच्या मोटारीपर्यंत गेले आणि खिडकीत डोकं घालून विचारून आले, "बोला साहेब, त्या माणसाचं सगळ्यात मोठं काम कोणतं?"

कुणी म्हणेल, मजेचा माणूस दिसतोय. पण मजेच्या माणसाच्या शेजारी राहायला अंगात ताकद लागते, आणि ती आमच्यात उरली नव्हती. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. विहिरींचे तळ दिसत होते. निम्मा गाव खडी फोडायला जात होता. पोरं वर्गात पेंगत आणि मीही त्यांना उठवत नसे, कारण उठवून शिकवायचं ते काय, तर पर्जन्यमान. सकाळी पाण्याचा टँकर यायचा. त्याच्यासाठी पुरुषांची एक रांग आणि बायकांची एक. त्या रांगेत दोन घागरी घेऊन, डोळ्यांवर झोप, उभं राहावं, तर पाठीमागून आवाज येई, "बोला..." एखाद्या सकाळी वाटे, घागर याच्या डोक्यात घालावी.

घालत नसे, ते वहिनींकडे बघून. कुलथे वहिनी बायकांच्या रांगेत एका टोकाला उभ्या असत. भांडण नाही, गप्पा नाहीत. कुणी काही विचारलं तर "हो" नाहीतर "नाही". माझ्या बायकोनं मला सांगितलं होतं ते असं की त्यांचा एकुलता मुलगा नंदू विषमज्वरानं गेला, आणि त्या घरातलं बोलणंच त्याच्याबरोबर गेलं. खरंही होतं. भिंत एक असूनही पलीकडून आम्हाला कधी भांड्यांच्या आवाजापलीकडे काही ऐकू आलं नाही. मास्तर बाहेर एवढं बोलत, पण उंबरठ्याच्या आत त्यांचाही आवाज बंद होई.

सुगीनंतर गावाबाहेरच्या माळावर तंबूचा सिनेमा यायचा. त्या साली सुगी नव्हतीच, तरी तंबू आला. तंबूवाले बाबूभाई खुद्द शाळेत मास्तरांना शोधत आले.

"मास्तर, घावली एकदाची तुमची रीळ! नगरला एका एजंटाच्या माळ्यावर पडली हुती. च्यार वरसं माझा जीव खाल्ला तुमी. आता उद्या सांजच्या खेळाला या, आन मला मोकळं करा."

मास्तर खाली बसले. बाबूभाई गेल्यावर, मी काही न विचारता, त्यांनी मला दहापैकी दहाचं उत्तर सांगितलं.

"नंदू गेला त्या साली शेजारच्या बायांनी हिला ओढत तंबूत नेलं. मीही गेलो. मुख्य खेळाच्या आधी त्या माणसाची एक छोटी रीळ लावली होती. एक कोंबडा शिडी चढतो, पडतो, आणि पडल्यावर आपल्याकडे असा बघतो की जसं काही पडायचंच होतं. मी बसलो होतो पुरुषांत. मध्ये कापडाची कनात. आणि कनातीच्या पलीकडून हिचं हसू ऐकू आलं. शंभर बाया हसत असोत, मला तिचं कळतं. त्यानंतर आजतागायत नाही. मी कोंबडे काढले, कुत्रे काढले, पानं सोडून दाखवली. ती बघते, ‘छान आहे’ म्हणते." मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता बोला. त्या माणसाचं सगळ्यात मोठं काम कोणतं?"

 इतके दिवस या माणसाला टाळायला मी मागच्या गल्लीनं जात होतो, आणि आता त्याच्यासाठी त्या कोंबड्यानं नीट पडावं एवढंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा कोट घालून निघाले. वहिनी माझ्या बायकोबरोबर कनातीच्या पलीकडे गेल्या. अलीकडे मास्तर आणि मी मातीत फतकल मारून बसलो, मास्तर अगदी कनातीला चिकटून. रीळ सुरू झाली. कोंबडा आला. शिडी आली. तंबू हसायला लागला. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होती. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

एक मास्तर तेवढे हसले नाहीत. ते पडद्याकडे बघतच नव्हते. मान वाकडी करून, डोळे मिटून, कनातीला कान लावून बसले होते. कोंबडा पडला, उठला, पुन्हा पडला, आणि रीळ संपली. मास्तरांनी डोळे उघडले. मला काही विचारायची गरजच पडली नाही.

परतताना ते एवढंच म्हणाले, "रीळ झिजली होती. मध्ये मध्ये तुकडे गेलेत. त्या माणसाचा दोष नाही."

त्यानंतर मास्तरांचा प्रश्न बंद झाला. रांगेत ते नुसते उभे राहत. गावाला चैन पडेना. सदाशिव न्हावी मला म्हणाला, "मास्तर इचारत न्हाईत आता. आजारी हायत का?"

चहाची पूड मागायला वहिनी एकदा आमच्याकडे आल्या. बायकोनं पूड बांधून दिली, पण त्या जाईनात. पुडीचा दोरा सोडत, बांधत दारातच उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना त्या रिळीचं फार लागलंय ना?"

"लागणारच, वहिनी. मागच्या वेळी तुम्ही हसला होतात."

"मी कुठं त्या कोंबड्याला हसले?" वहिनी म्हणाल्या. एवढं बोलणं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. "मी तर वर पाहिलंही नव्हतं. नंदू गेल्यापासून हे हसले नव्हते. आणि त्या दिवशी पलीकडून ह्यांचं हसणं आलं. सुरूच झाले, थांबेचनात. मग कुणीतरी ओरडलं, ‘मास्तर, टोपी पडली वो तुमची!’ तरी थांबेनात. म्हणून मला हसू फुटलं. ह्या खेपेलाही मी तेच ऐकायला बसले होते. पण ह्या खेपेला हे हसलेच नाहीत."

माझी बायको पदर डोळ्यांना लावून आत गेली.

"मग सांगा की त्यांना!" मी म्हटलं.

"नको. तुम्हीही सांगू नका. सांगितलं तर मुद्दाम हसतील. मुद्दाम हसलेलं मला कळतं." आणि त्या पुडी घेऊन गेल्या.

झाली का पंचाईत! चार वर्षं दोघं एकमेकांच्या हसण्याची वाट बघताहेत, मध्ये एक भोकं पडलेली कनात, आणि श्रेय कोण घेऊन बसलाय, तर तो परदेशातला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरला उशीर झाला. दोन्ही रांगा ताटकळत होत्या. मास्तर माझ्या मागे मान खाली घालून उभे. मी थकलो होतो, आणि त्यांच्या गप्प बसण्यानं जास्तच थकलो होतो. शेवटी मीच मागे वळलो.

"मास्तर, मला उत्तर सापडलंय. त्या माणसाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे, त्यानं तुमची टोपी पाडली."

"काय?"

"तुमच्यासारख्या माणसाला टोपी पडेपर्यंत हसवणं सोपं आहे का? द्या गुण."

 हळूहळू मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तिच्यायला," ते म्हणाले, "खरंच पडली होती हो. पुढे सरपंच बसले होते. त्यांच्या बुडाखाली गेली. मी उपसतोय, आणि त्यांना वाटलं विंचू! मांडी घातलेली सोडून टुणकन..." त्यांना पुढे बोलता येईना. कोरड्या विहिरीवरचं इंजिन आधी नुसतं फुसफुसतं आणि मग एकदम धरतं, तसं त्यांचं हसणं सुरू झालं. दोन वर्षांच्या शेजारात मी ते पहिल्यांदा ऐकलं. घागर हातातून सुटून घरंगळत गेली, मास्तर कमरेत वाकले, टोपी पुन्हा एकदा धुळीत पडली.

आणि पलीकडच्या रांगेतून, पार टोकाहून, हसू आलं. बारीक, अडखळत आलेलं, पदराआड दाबलेलं. मग पदराला दबेना.

मास्तर जागच्या जागी थांबले. वाकलेले होते तसेच, एक हात वर करून. सगळ्या रांगेनं गप्प बसावं असा तो हात होता.

"ऐकलंत?" ते पुटपुटले.

"ऐकलं."

मास्तरांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मोकळा माळ, रिकाम्या घागरी, दोन रांगा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर गणित न सुटलेल्या पोराचा गोंधळ.

"पण इथं तर," ते म्हणाले, "रीळ नाही."