मार्लस्टनचं पाणी

"बीअर : दुसरा क्रमांक. पाण्याला दवाखान्याचा वास."

परीक्षकांची ही चिठ्ठी नॉर्मन पिकरिलने फ्रिजच्या दारावर चिकटवली होती, म्हणजे दूध काढताना रोज अपमान ताजा राहील. ऑगस्टमधल्या गावच्या प्रदर्शनात भोपळे, जॅम आणि घरी केलेली बीअर यांना बक्षिसं असत. बीअरमध्ये नॉर्मन चार वर्षं दुसरा. पहिला दर वेळी त्याचा मेव्हणा, डेरेक. हा डेरेक नाताळच्या जेवणात चषक मधोमध ठेवायचा आणि मटारचं भांडंसुद्धा त्याच्यावरून पुढे द्यायचा.

मार्लस्टन हे बीअरचं गाव. इथल्या विहिरींच्या पाण्यावर दीडशे वर्षं कारखाना चालला. मग मालकांनी तो विकून खाल्ला आणि नॉर्मनसकट सगळ्या कामगारांना घरी बसवलं. आता तिथे मोटारी उभ्या राहतात. पाणी तेवढं विकता आलं नाही म्हणून राहिलं. पाणीकंपनी त्यात क्लोरीन घालते आणि ते नळाला सोडते.

यंदा नॉर्मनने स्वयंपाकघरातल्या सिंकखाली फिल्टर बसवला. चार लिटर पाणी घेऊन सावकाश एक लिटर शुद्ध देणारा आणि तीन लिटर गटारात सोडणारा. शुद्ध पाण्याचं मोठं पिंप भरल्यावर तो आपोआप बंद व्हावा म्हणून त्याच्याबरोबर पाणी अडवणारी एक चावी मिळाली होती. ती बसवायला कंटाळा आला, म्हणून ती चमच्यांच्या खणात गेली. मागच्या दारी गटारात पाण्याची धार रात्रंदिवस चालू राहिली.

"आता या पाण्यात काय आहे?" बायकोने, ग्लेनिसने, विचारलं.

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे."

पण नॉर्मनच्या बीअरच्या पुस्तकात लिहिलं होतं, की काहीच नसलेल्या पाण्याची बीअर पांचट होते, त्यात क्षार घालावे लागतात. नॉर्मनने टपालाने क्षारांची पुडी मागवली. ग्लेनिसने चष्मा लावून वाचलं, "एक चमचा, वीस लिटरला. पाणी हुबेहूब मार्लस्टनसारखं होईल." तिने चष्मा काढला. "नॉर्मन, आपण कुठं राहतो रे?"

"क्लोरीनचा प्रश्न आहे, ग्लेनिस."

"आधी मार्लस्टन काढायचं, मग विकत आणून परत घालायचं. एवढा हुशार माणूस कारखान्यानं घरी कसा बसवला?"

सहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, कंपनीची माणसं आली. गल्लीतलं पाणी कुठेतरी अखंड वाहत होतं. मुकादम ट्रँटर रस्त्यावर लाकडी काठी टेकवून दुसरं टोक कानाला लावत लावत आला आणि बरोब्बर पिकरिलांच्या दारात थांबला.

"इथंच आहे," तो म्हणाला. "झुळझुळ ऐकू येतंय. खणा."

ग्लेनिस आत आली. "जा आणि सांग त्यांना."

"सांगतो ना. पिंप भरू दे. शनिवारी बीअर लावली नाही तर प्रदर्शनापर्यंत तयार होणार नाही."

"अरे, रस्ता फोडतायत!"

"त्यांचाच रस्ता आहे."

दहा वाजता पाणी बंद होणार होतं. ग्लेनिसने त्याआधी न्हाणीघरातला टब काठोकाठ भरून घेतला, संडासात ओतायला लागेल म्हणून. पाणी बंद झालं, फिल्टरची धार थांबली, आणि ट्रँटरच्या काठीला काहीच ऐकू येईना. त्यामुळे त्याने आणखी खोल खणायला लावलं.

दुपारी शेजारच्या ओकडेनबाई किटली घेऊन आल्या. "तुमच्याकडं म्हणे पाण्याचं पिंप आहे." चहावाचून चार तास काढलेली म्हातारी. तिला नाही म्हणायची नॉर्मनची छाती झाली नाही. तिच्या मागे अख्खी गल्ली रांगेत उभी राहिली. हे लोक युद्धाला भीत नाहीत, पण चहा चुकला की यांचा धीर सुटतो.

पाच मिनिटांत ओकडेनबाई परत आल्या. "हा काय चहा म्हणायचा? वर तवंग नाही की काही नाही! फुलदाणीतलं पाणी प्याल्यासारखं वाटतंय."

ग्लेनिसने शांतपणे फळीवरची पुडी काढली आणि अख्खी पिंपात उपडी केली.

"ग्लेनिस!" नॉर्मन ओरडला.

ओकडेनबाईंनी नवा चहा केला, घोट घेतला, डोळे मिटले. "हां. आता कसा आपला चहा झाला."

संध्याकाळपर्यंत पिंप कोरडं. शनिवारी नळ अजून बंदच, दारात पुरुषभर खड्डा, आणि नॉर्मन रिकाम्या पिंपापुढे बसलेला.

"टबात आहे की पाणी," ग्लेनिस म्हणाली. "दोन दिवस नुसतं पडलंय. संडासाला आपण पावसाच्या पिंपातलंच वापरलं."

"संडासासाठी भरलेल्या पाण्याची बीअर करू?"

"मग हो पाचव्यांदा दुसरा."

त्याने केली.

तीन आठवड्यांनी तंबूत परीक्षक हॅलोवेल यांनी घोट घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही. कारखान्यात ते तीस वर्षं बीअर करणाऱ्यांचे मुख्य होते. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, "पहिला. कारखाना बंद झाल्यापासून हे पाणी मी चाखलं नव्हतं."

क्लोरीन उघड्यावर दोन दिवसांत उडून जातं. हे पुस्तकात पान नऊवर होतं. नॉर्मनने पान चाळीसपासून सुरुवात केली होती, कारण तिथे यंत्रांची चित्रं होती.

"पाणी कुठलं, पिकरिल?" हॅलोवेलांनी सगळ्यांसमोर विचारलं.

खरं बोलायची ती वेळ होती. नॉर्मनने छाती पुढे काढली. "फिल्टरचं."

डेरेकचा चेहरा पडला. तो बहिणीला बाजूला घेऊन म्हणाला, "ग्लेनिस, कुठला फिल्टर गं?"

"ने की आमचाच," ग्लेनिस म्हणाली. "आम्हाला आता नकोय."

पुढच्या गुरुवारी नॉर्मन चषक पुसत पुसत गावाच्या दुसऱ्या टोकाला फिरायला गेला. डेरेकच्या दारात खड्डा होता. ट्रँटर काठीला कान लावून उभा होता.

"तुमच्या गल्लीतली गळती सापडली बघा," तो म्हणाला. "सरकत सरकत इथवर आली होती."

नॉर्मनने खड्ड्यात वाकून पाहिलं. "आणखी खोल खणा," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने चमच्यांच्या खणातली फिल्टरची चावी काढली आणि ती चषकात टाकून ठेवली.