बिजलीची भरगच्च सुट्टी

एका जंगलात मोबाइलला रेंज नव्हती, पण पोपट भरपूर होते. त्यामुळे कोणाचंच काही कोणापासून लपून राहत नसे.

बाळांनो, मांडी घालून बसा. ज्या बाळांची मांडी आता पोटामुळे होत नाही, त्यांनी खुर्ची घ्या.

तर त्या जंगलातल्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. पहिल्याच दिवशी अनसूया अस्वलीण सकाळी उठून बघते, तर तिची लेक बिजली अंगणात उताणी पडलेली. चारी पाय वर.

"काय करतेयस गं?"

"काही नाही."

लेक आजारी असती तर अनसूयेने पाला चेचून लावला असता. हरवली असती तर शोधून आणली असती. पण काहीच न करणाऱ्या मुलीचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात वरून पोपट ओरडला, "त्र्यंबकराव वानरांचा सुपडू पाच वर्गांना जातो! पाच!"

अनसूया तशीच साळिंदरबाईंकडे धावली. साळिंदरबाई मुलांच्या सुट्टीची वेळापत्रकं करून देत. अंगावरचा एक काटा उपटायच्या आणि सागाच्या पानावर टोचून टोचून लिहायच्या.

"मुलीला आवड कशाची?" त्यांनी विचारलं.

"लोळायची."

"म्हणजे सुधारणेला खूप वाव आहे," साळिंदरबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं पान घेतलं, कारण पहिलं पुरेना.

सकाळी सहाला मगरमामांकडे पोहणं. मामांच्या वर्गाचा पट हळूहळू कमी होत जाई, पण उरलेली मुलं उत्तम पोहत. मग गोमताईंकडे नृत्य. तिथे डावा पाय कोणता हे समजायलाच आठवडा लागे. दुपारी कोल्हेसरांकडे व्यक्तिमत्त्व विकास. म्हणजे दात दाखवायचे, पण हसल्यासारखे. संध्याकाळी मध काढायचा वर्ग. तो साळिंदरबाई स्वतः घेत. त्यांनी मध कधी चाखला नव्हता, पण पोळ्याची आकृती मोठी सुबक काढत.

सुपडूला याशिवाय झाडावर चढायचा वर्ग होता. हो बाळांनो, वानराच्या पोराला.

"घरी येतं ते वेगळं," त्र्यंबकराव सांगत. "शास्त्रशुद्ध यायला पाहिजे."

जंगलभर धावपळ सुरू झाली. आया पोरांना पाठीवर घेऊन एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पळायच्या. वाटेत भेटल्या की धापा टाकत एकमेकींना म्हणायच्या, "बाई गं, श्वास घ्यायला वेळ नाही." आणि असं म्हणताना त्यांचे चेहरे फुलून यायचे. करवंदं पिकली, काळी झाली, जाळीवरच वाळली.

ओढ्यापलीकडे अर्जुनाच्या झाडावर मोठं पोळं लागलं होतं. बिजली रोज आईच्या पाठीवरून त्याच्याकडे मान वळवून बघायची.

"आई, पोळं भरलंय. पाऊस पडला की गेलं."

"बघू गं रविवारी."

रविवारी जादा तास असायचा.

असे तीन आठवडे गेले. एके दिवशी चढायच्या वर्गात सुपडूला फांदीवरच डुलकी लागली. तो पिकल्या फळासारखा खाली आला आणि खालून नृत्याला निघालेल्या बिजलीसमोर, करवंदीच्या जाळीत पडला. शेपूट मुरगळली. अंगभर काटे.

त्र्यंबकराव धावत आले. त्यांनी पोराला मांडीवर घेतलं. एकेक काटा काढताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बिजलीला वाटलं, आता हे थांबतील. आता सुपडूला घरी नेऊन झोपवतील.

त्र्यंबकरावांनी डोळे पुसले. वर फांदीवर बसलेल्या चढायच्या मास्तरांकडे बघून ते म्हणाले, "याचा बुडालेला तास कधी भरून काढाल?"

त्याच दुपारी कोल्हेसरांचा वर्ग सुरू होण्याआधी जंगलातली सगळी पोरं जाळीमागे जमली. सुपडूची शेपूट पानांत बांधलेली होती.

"या आईबापांना दुसरा उद्योगच नाही," तो कण्हत म्हणाला. "म्हणून आपल्या मागे लागतात."

बिजली म्हणाली, "मग देऊ या ना उद्योग. उरलेली सुट्टीभर कुठेतरी गुंतवू त्यांना. नाहीतर आपण जगत नाही."

"पण शिकवणार कोण?"

तळ्याकाठी एक कासवआजोबा राहायचे. वय कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनाही नाही. पोरं त्यांच्याकडे गेली.

"आजोबा, आमच्या आईबाबांचा वर्ग घ्याल?"

"मला काही येत नाही रे बाळांनो," आजोबा म्हणाले. "मी दिवसभर झोपतो."

"झोपा की. आम्ही कुठे नको म्हणतोय?"

मग बिजलीने पोपटाला पढवलं. पोपट जंगलभर ओरडत सुटला, "आदर्श पालक शिबिर! मोजक्याच जागा! अर्ध्या कालच भरल्या!"

ऊन उतरायच्या आत तळ्याकाठी रांग लागली. पहिलं नाव साळिंदरबाईंचं. अनसूया आणि त्र्यंबकराव यांच्यात पुढच्या जागेवरून थोडी ओढाओढ झाली, पण दोघंही आदर्श असल्यामुळे ती हसत हसत झाली.

पहिल्या दिवशी कासवआजोबांनी सगळ्यांकडे बघितलं, मान आत घेतली आणि ते झोपले. पालकांनी पानावर लिहून घेतलं : मौन.

दुसऱ्या दिवशी झोपेत त्यांच्या तोंडून "हं" निघालं. त्या "हं"वर चार दिवस चर्चा झाली. तिसऱ्या आठवड्यात आजोबा कूस बदलायला गेले आणि पाठीवर उलटे पडले. कोणीतरी सरळ करेल म्हणून त्यांनी पाय हलवले. पालकांनीही पाठीवर पडून पाय हलवले. आजोबांना सरळ करायला पोरांनाच यावं लागलं.

पोरांना वर्गात पोहोचवायला आता कोणाला वेळ नव्हता. वर्ग ओस पडले. मगरमामा तेवढे हळहळले.

बिजली अर्जुनावर चढली. आकृती तिला तोंडपाठ होती, पण आकृतीत माश्या नव्हत्या. पहिल्या दिवशी तिच्या नाकाचा भोपळा झाला आणि ती रडत खाली आली. दुसऱ्या दिवशी ओला चिखल अंगाला फासून गेली. तिसऱ्या दिवशी पोळ्याचा एक तुकडा हाती लागला. पोरांनी बोटं चाटली, मग कोपर चाटले, मग एकमेकांना चाटलं.

एक तुकडा पळसाच्या पानात बांधून बिजली घरी घेऊन गेली. अनसूया काहीतरी पाठ करत बसली होती.

"आई, बघ. मी काढला. एकटीने."

"ठेव तिथे. उद्या माझी परीक्षा आहे."

"एकदा चाखून तर बघ."

"बिजली, आईला त्रास देऊ नये. जा, बाहेर खेळ."

महिन्यापूर्वी हे शब्द ऐकायला तिने एक कान कापून दिला असता. आता तिला वाईट वाटलं. ती थोडा वेळ दारात उभी राहिली. पानातून मध गळत होता. मग तो वाया जाऊ नये म्हणून तिने तोही खाल्ला आणि ती बाहेर गेली.

पाऊस आला. शाळा उघडली. पहिल्या दिवशी फाटकाशी एरवी पालकांची झुंबड असायची. यंदा पोरं आपली आपण आली, चिखल तुडवत, वेळेच्या आधी. घुबडगुरुजींनी चष्मा पुसला.

"अरे, तुमचे आईबाप कुठे आहेत?"

"तळ्याकाठी, गुरुजी," बिजली म्हणाली. "शिबिर संपलं म्हटल्यावर रडायला लागले. मग प्रगत वर्गात घातलं."

"किती दिवसांचा आहे?"

"त्यांची प्रगती बघून ठरवू," सुपडू म्हणाला आणि पोरं वर्गात शिरली.

तात्पर्य : पालकांना शिस्त लावायला उशीर झाला म्हणून खचून जाऊ नये. चाळिशीतही गुण येतो. फक्त शिकवणाऱ्याला काही येत असता कामा नये.