मिसेस मॅक्फींची अकरा रोपे

संध्याकाळी सातला पाच मिनिटे कमी असताना डोरीन मॅक्फीने अंगणातल्या चार रोपांवर काळी ताडपत्री ओढायला घेतली. सूर्य समोरच्या डोंगरावर चांगला चार हात वर होता आणि मावळायचा त्याचा काही विचार दिसत नव्हता. जुलै लागला की बीव्हर फ्लॅट गावात सूर्य रात्री जरा वेळ डोंगराआड जाऊन येतो, तेही शेजाऱ्याकडे साखर मागायला गेल्यासारखा.

पण गांजाच्या रोपाला लागते लांब रात्र. रात्र बारा तासांची झाली की त्याला कळते, उन्हाळा संपत आला, आता फुलले पाहिजे. कॅनडाच्या उत्तर टोकाला, युकॉनमध्ये, तेवढी रात्र होईपर्यंत हिम पडून गेलेले असते. मागच्या दोन उन्हाळ्यांत डोरीनची रोपे तिच्या डोक्याच्या वर गेली, एकही फूल धरले नाही, आणि ऑगस्टमधल्या एका सकाळी उकडलेल्या पालकासारखी काळी पडून लोंबली. म्हणून यंदा तिने चार खांब ठोकले आणि रस्तेखात्यातून निवृत्त होताना आणलेली, बर्फ ढकलायच्या ग्रेडर यंत्रावर घालायची ताडपत्री त्यांच्यावर टाकली. संध्याकाळी सात ते सकाळी सात, आत मिट्ट काळोख. तळाशी मातीची भर, कुठून उजेडाची चीर नाही. शेंडे खुडून तिने रोपे बुटकी ठेवली होती. ती मग वर जायची सोडून झुडपासारखी चहूकडे फुटली होती.

हे सगळे हौसेपायी नव्हते. एकतीस हिवाळे ग्रेडर चालवून रस्त्यावरचे बर्फ ढकलल्यावर डोरीनची बोटे अशी झाली होती की सकाळी कुऱ्हाडीच्या दांड्याभोवती वळत नसत. मागल्या वर्षी कुणीतरी या फुलांच्या मलमाची एक डबी दिली. डबी होती तोवर तिने आपली लाकडे आपण फोडली. डबी संपली आणि मुलीचे, कॉलीनचे, फोन सुरू झाले.

"आई, लाकडं फोडता येत नाहीत तर हट्ट कशाला? व्हॅन्कुव्हरला ये माझ्याकडे. चौदावा मजला आहे, ऊन काय छान येतं!"

"मला ऊन नकोय," डोरीन म्हणाली. "मला अंधार पाहिजे." आणि तिने फोन ठेवला. पण ताडपत्रीखालची रोपे यंदाही वाया गेली, तर पुढच्या हिवाळ्यात चौदाव्या मजल्याला नाही म्हणायला तिच्याकडे काही उरणार नव्हते. हे तिलाही ठाऊक होते.

ताडपत्रीची शेवटची दोरी बांधून होते तोच फाटक वाजले. क्लेटन पेल्की आला होता. हा क्लेटन सकाळी सहापासून टँकरने घरोघर पाणी पोचवायचा, घरी जाऊन जेवायचा, आणि सात ते नऊ गावचा नियमअधिकारी व्हायचा. त्याची आई डोरीनची मैत्रीण, म्हणून लहानपणापासून तो तिला मावशी म्हणे. डोक्यावर गावपंचायतीची टोपी असली की मात्र ती मिसेस मॅक्फी व्हायची. आज टोपी होती.

"मिसेस मॅक्फी, तक्रार आलीय."

"कुणाची?"

"ते सांगता येत नाही." एवढे बोलून त्याने समोरच्या ऑर्विल सुंडबीच्या घराकडे पाहिले. ऑर्विल शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. त्याच्या खिडकीचा पडदा झटकन सरळ झाला. "लिहिलंय की तुमचा हा खोका सहा बाय आठ फुटांचा आहे, चार रोपांना एवढा लागत नाही, आत निदान दहा असणार. कायद्यानं घराला गांजाची चारच चालतात. मोजायला लागतील. उघडा."

"आता सात वाजून गेले. सकाळी सातला ये."

"सकाळी मी टँकरवर असतो."

"मग दुपारी टँकर घेऊनच ये, मोज आणि जा."

"दुपारी मोजलेलं कागदावर चढत नाही. ड्यूटी सात ते नऊ. बाकीच्या वेळी मी नुसता पाणीवाला."

"अरे, मग जेवण थोडं पुढं ढकल, पावणेसातला ये."

"पावणेसातलाही पाणीवालाच. दोन मिनिटांचं तर काम आहे हो!"

"तुला भर झोपेत कुणी दोन मिनिटं तोंडावर बॅटरी मारली तर चालेल?"

"बायको रोज मारते. घोरतो म्हणून."

"मग तू फुलला नाहीस यात नवल नाही," डोरीन म्हणाली आणि खोक्यासमोर खुर्ची टाकून बसली. "आज तुझ्यासाठी उघडलं की उद्या मेयरसाठी उघडायचं, परवा आणखी कुणासाठी. सोळा दिवस मी एक मिनिट इकडचं तिकडं केलेलं नाही. उघडणार नाही."

क्लेटन मानेवर चापट्या मारत होता. डास चावत होते. शेवटी त्याने टोपी काढली. "मावशी, मी हात घालून चाचपलं तर? डोळ्यांनी नाही, नुसत्या हातानं."

यात डोरीनला काही वावगे दिसेना. हाताबरोबर उजेड जात नाही. तिने घरातून आपला जुना, हिवाळ्यातला जाडजूड कोट आणला, तो क्लेटनच्या डोक्याखांद्यांवरून घातला, कोटाचा घेर ताडपत्रीवर दाबून धरला आणि आत गुडघ्याएवढ्या उंचीवरची एक दोरी सैल केली. जुलैच्या उन्हात लोकरी कोटाखाली गुडघे टेकून क्लेटन खांद्यापर्यंत आत शिरला.

"एक," कोटातून आवाज आला. "दोन. तीन. हे चार. पाच."

"पाच कुठलं?"

"सहा... सात... मध्ये बोलू नका. आठ."

"अरे गाढवा, तू फांद्या मोजतोयस! शेंडे खुडले की एका रोपाला तीन-तीन धुमारे फुटतात!"

"मिसेस मॅक्फी, मला बागकाम कळत नाही, मला मोजणी कळते. नऊ. दहा. अकरा." तो बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढली होती. वहीत त्याने लिहिले: प्रत्यक्ष हाताने मोजली, अकरा.

दुसऱ्या दिवशी डोरीन स्वतः गावच्या कचेरीत गेली. मेयर लोर्ना हॅच टपालाचे कामही बघायची, म्हणून पत्रे लावत बसली होती. डोरीनने तिला हाताला धरून उठवले. "चल. आता दुपारचे बारा वाजलेत, ताडपत्री काढलेली आहे, सगळी दिसतायत. मोज."

लोर्ना आली, कुंपणाच्या आत उभी राहिली आणि बोट रोखत तिने मोजले. मग दुसऱ्या बाजूने मोजले. चारच.

"झालं समाधान?"

"उलट कठीण झालं की, डोरीन," लोर्ना म्हणाली. "काल संध्याकाळी अकरा होती."

"काल संध्याकाळी चार होती!"

"कागदावर अकरा आहेत. कागदावर क्लेटनची सही आहे. आता इथं चार दिसतायत. मग सात गेली कुठं?"

"होतीच कुठं ती, जायला?"

"असं सगळेच म्हणतात. रातोरात सात रोपं हलवणं म्हणजे चारांपेक्षा जास्त लावण्याहून मोठा गुन्हा झाला. तू मला इथं आणलं नसतंस तर बरं झालं असतं. आता मला डोळ्यांनी दिसलं."

संध्याकाळी सव्वासातला टोपी घालून क्लेटन हुकूम घेऊन आला. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता ती सात रोपे अधिकाऱ्यासमोर हजर करून उपटावीत. न केल्यास अंगणातली सगळी रोपे उपटली जातील.

डोरीनने हुकूम दोनदा वाचला. मग त्याची घडी घालून ती क्लेटनच्याच खिशात ठेवली. "तुझ्या मेयरला सांग, एकतीस हिवाळे मी या गावाचा रस्ता उघडा ठेवलाय. उणे चाळीसला. कुणाची मजाल नव्हती मला सांगायची की डोरीन, आज अर्धाच रस्ता कर. माझ्याकडं चार आहेत. चारांपैकी एकाचं पानसुद्धा देणार नाही. आणि तुमचा आकडा जुळावा म्हणून कुणाकडून सात मागायलाही जाणार नाही. यायचं तर या शुक्रवारी. मी या खुर्चीवर असेन. आधी मला उपटा."

"मावशी..."

"टोपी घातलीयस. मिसेस मॅक्फी म्हण."

शुक्रवारी सकाळी सातला तिने ताडपत्री बाजूला केली आणि ती पटकन खाली वाकली. पानांच्या बेचक्यांत पांढरे, केसासारखे बारीक तंतू निघाले होते. चारही रोपांना. फुले. तिसऱ्या उन्हाळ्याला पहिल्यांदा. डोरीनने आपली वाकडी बोटे त्यांच्याजवळ नेली, पण हात लावला नाही. "आता कुणाच्या बापाला हात लावू देत नाही," ती रोपांना म्हणाली. मग घरात जाऊन तिने खुर्चीसाठी उशी आणली, कारण बराच वेळ बसावे लागणार होते.

पाच वाजता ऑर्विल सुंडबी हातगाडी ढकलत आला. हातगाडीवर घोंगडी पांघरलेली होती आणि घोंगडीखाली काहीतरी डुलत होते.

"तू!" डोरीन खुर्चीतून उठली. "तक्रार करणारा तूच ना?"

"मी खोक्याच्या मापाबद्दल लिहिलं होतं," ऑर्विल म्हणाला. "हात घालून मोजण्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. काल तो क्लेटन दुकानात सगळ्यांना सांगत होता, ही पद्धत फार चांगली आहे, कुणाच्या झोपेत व्यत्यय नाही, आता घरोघर करणार. डोरीन, तो माझ्याकडं शिरला तर माझी अठरा भरतील!"

"का? तुझ्याकडं किती आहेत?"

ऑर्विल घोंगडीचे टोक सारखे करू लागला.

"सहा बाय आठमध्ये दहा बसतात हे तुला कसं कळलं, ऑर्विल?"

"माझा पाच बाय सहाचा आहे," तो हळूच म्हणाला. "त्यात सहा दाटीवाटीनं बसतात. त्याचं त्रैराशिक मांडलं. माझी दोन जास्तीची तुला घे. तुला नाहीतरी सात कमी पडतायत."

"मला काही कमी पडत नाही! माझी चार आहेत आणि चारच होती. तुझी दोन घेतली म्हणजे अकरा कबूल केल्यासारखं होईल. नेऊन घाल नदीत!"

"कबूल कशाला करतेस? तू फक्त तिकडं बघू नकोस." आणि तिने काही म्हणायच्या आत त्याने फाटकाजवळच्या बटाट्याच्या वाफ्यात दोन रोपे खोचली, माती दाबली आणि रिकामी हातगाडी घेऊन तो जवळजवळ पळाला.

डोरीन खुर्ची उलटी फिरवून खोक्याकडे तोंड करून बसली. मागे फाटक वाजत राहिले. कुणी खोकले, कुणी "डोरीन, मी नव्हे हं" म्हणाले, कुणाच्या तरी कुत्र्याने वाफा उकरला म्हणून त्याला शिव्या बसल्या. एकदा टँकर थांबल्याचा आवाज आला आणि बाईमाणसाची पावले आली न् गेली. डोरीनने एकदाही मान वळवली नाही. सातला पाच कमी असताना तिने ताडपत्री ओढली, दोऱ्या बांधल्या, आणि मगच वळून पाहिले. बटाट्याच्या वाफ्यात बटाटे कुठे दिसत नव्हते.

सातला क्लेटन टोपी सारखी करत आला. आत पाऊल टाकले आणि थबकला.

"मिसेस मॅक्फी, ही काय भानगड आहे?"

"मला काय ठाऊक? सात पाहिजे होती ना? तू मोजली होतीस. तूच ओळख तुझी."

क्लेटनने वाफ्याला एक फेरी मारली. ओठ हलत होते. मग दुसरी फेरी मारली. "अहो, ही एकोणीस आहेत!"

"डोळ्यांनी मोजलीस. तुझा त्यावर विश्वास नाही. कोट आणू?"

"नको," तो घाईने म्हणाला. त्याने पहिले रोप धरले आणि उपटले. "एक." ते सहज आले, मुळे धरायला वेळच मिळालेला नव्हता. "दोन." सहापर्यंत सगळे रीतसर झाले. सातव्याला हात घालताना तो थांबला. त्या रोपाला निळ्या रबरी नळीच्या तुकड्याने आधाराची काडी बांधलेली होती. तसली नळी गावात एकाच ठिकाणी असते, ती म्हणजे पाण्याच्या टँकरवर.

डोरीनने ती नळी पाहिली. मग क्लेटनकडे पाहिले. क्लेटन त्या गाठीकडे बघत होता. गाठ त्याच्या बायकोची होती.

"तुझ्या घरी किती आहेत रे?" तिने विचारले.

"चार," तो म्हणाला. "आता."

"उपट मग."

त्याने रोप उपटले, नळी खिशात कोंबली आणि वहीत लिहिले: सात रोपे माझ्यासमोर उपटली, बाकी चार, प्रकरण बंद. सही केली. पण पाय काही निघेनात. वाफ्यात बारा रोपे वाऱ्यावर डुलत उभी होती आणि समोरच्या घरात पडदा हलत होता.

"मावशी, या बारांचं मी काय करू? दिसतायत हो."

डोरीन खोक्यासमोरच्या खुर्चीत बसली, पाय लांब केले आणि उन्हाने डोळे दिपले म्हणून कपाळावर हात आडवा धरला.

"सात वाजून दहा मिनिटं झालीत, क्लेटन. माझ्या अंगणात रात्र आहे. तुला काय दिसतंय?"

क्लेटनने सूर्याकडे पाहिले. रोपांकडे पाहिले. मग त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि लखलखत्या उन्हात, एकेक पाऊल चाचपत, वाफ्याला वळसा घालून तो फाटकाकडे निघाला.