दगडोबाचा साधा गोळा

एका जंगलात आइस्क्रीमचं दुकान होतं. बाळांनो, जिभा आत घ्या. गोष्ट दुःखाची आहे.

दुकान कोल्होबाचं होतं आणि ते ऐनाच्या एका उंच झाडाखाली होतं. ह्या झाडाला जंगलात फार मान होता. उन्हाळ्यात डोंगरावरचं पाणी आटलं की वाघोबा खाली उतरत. मग ज्याला पळता येईल त्याने पळायचं, ज्याला चढता येईल त्याने ऐनावर चढायचं. ज्याला दोन्ही जमत नसे त्याची गोष्ट कुणी सांगत नसे. मी सांगणार आहे.

त्या जंगलात दगडोबा नावाचं अस्वल राहायचं. खाऊनपिऊन सुखी होतं, म्हणजे जाड होतं. मागच्या उन्हाळ्यात वाघोबा आले तेव्हा त्याची बायको सगुणा आधीच फांदीवर पोचली होती. तिने वरून त्याच्या मानेचे केस धरून ओढलं म्हणून तो वाचला. वाघोबांचा पंजा त्याच्या टाचेला चाटून गेला.

"अहो, पुढच्या वेळी माझ्याच्याने नाही ओढवणार," सगुणा धापा टाकत म्हणाली. "वजन उतरवा."

"उतरवतो," दगडोबा म्हणाला. तो फार आज्ञाधारक नवरा होता. तोंडाने.

त्याच सुमारास जंगलात कॅलरीची साथ आली. सर्दीची येते ना, तशीच. पोट भरलं की नाही एवढंच ज्यांना कालपर्यंत कळत होतं, ते आता पाला चघळताना एकमेकांना विचारू लागले, "ह्यात किती?" कोल्होबाने वारा ओळखला आणि दुकानावर पाटी लावली : 'व्हॅनिला, एक गोळा. कॅलरी दीडशे. प्रथिने आहेत. कॅल्शियम भरपूर.'

पाटी वाचून दगडोबाचे डोळे भरून आले. कॅल्शियम! म्हणजे हाडं बळकट होणार. हाडं बळकट झाली की चढता येणार.

"आजपासून सगळं गोडधोड बंद. दिवसाला फक्त एक गोळा," त्याने सगुणाला वचन दिलं. आणि खरं सांगतो, हे वचन त्याने एकदाही मोडलं नाही.

तो दुकानात गेला. कोल्होबाने वाटीत गोळा ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"नुसताच खाणार, दगडोबा? बरं दिसत नाही. वर थोडं घालतो. त्याचं काही घेत नाही मी, घरचंच समजा."

त्याने चॉकलेट सॉस ओतला. मग काजू, मग बिस्किटांचा चुरा, मग टुटीफ्रुटी, मग मध, मग घट्ट साय. गोळा बिचारा दिसेनासा झाला.

"ह्या वरच्याच्या कॅलरी?" दगडोबाने विचारलं. अगदी हळू. उत्तर नको असलं की आपण विचारतो तसं.

कोल्होबा खो खो हसला. "वरचं कुणी मोजतं का हो? भाजीवर टाकलेली कोथिंबीर तराजूत घालतात? पाणीपुरी झाल्यावरची सुकी पुरी प्लेटीत धरतात?"

दगडोबाला एकदम पटलं. जंगलाचा रिवाजच होता तसा. फुकट मिळालं ते खाल्ल्यात धरायचं नाही. त्याने वाटी चाटून पुसून स्वच्छ केली. तुमच्या घरात असं कुणी नसतं, हे मला माहीत आहे. असू द्या.

हळूहळू वाटीचा वाडगा झाला. गोळा मात्र एकच. थंडी सरेपर्यंत दगडोबाला स्वतःचे पाय दिसेनासे झाले.

"काय खाता तुम्ही तिथे?" सगुणाने विचारलं.

"एक गोळा. दीडशे."

"आणि त्याच्यावर?"

"काजू, मध, केळं. सगळं उपासाला चालतं. जे उपासाला चालतं ते अंगाला कसं लागेल?"

"एकादशी अन् दुप्पट खाशी!" सगुणा कडाडली. "चला, झाडावर चढून दाखवा."

दगडोबाने ऐनाला मिठी मारली. बराच वेळ मारली. पाय जमिनीवरच राहिले.

"झाड वाढलंय," तो म्हणाला.

सगुणाला रडूच फुटलं. "अहो, मला भीती वाटते हो! वाघ काय तुमची पाटी वाचून खाणार आहे?"

बाळांनो, इथे सगुणा चुकली.

उन्हाळा आला. डोंगरावरचं पाणी आटलं. एके दिवशी भर दुपारी माकडं ओरडली आणि दगडोबाच्या हातातला चमचा थांबला. सगुणा सरसर वर चढली, फांदीला पाय अडकवून उलटी लोंबकळली आणि तिने दोन्ही हात खाली सोडले.

"धरा! धरा ना हो!"

दगडोबाने हात उंचावले. उडी मारली. जमीन हादरली, पण तो काही वर गेला नाही.

"सगुणे, शपथेवर सांगतो, एकच गोळा खात होतो गं!" हे त्याचे शेवटचे शब्द. आणि ते खरे होते.

वाघोबांनी शांतपणे जेवण केलं. मग मिशा पुसल्या आणि जरा चिंतेत पडले. साथ त्यांनाही लागली होती.

"कोल्होबा, फारच तुपकट होतं रे. किती झालं असेल?"

कोल्होबा दुकानामागून आला. वाघाच्या ताटातलं उरलंसुरलं कोल्ह्याचं, हा रिवाज तर दुकानापेक्षा जुना. त्याने आधी एक बरगडी ओढून घेतली.

"एक अस्वल, महाराज. साधं."

"आणि त्याच्यावरची ही सगळी चरबी?"

"ती मी घातलेली. वरचं कुणी मोजतं का, महाराज?"

वाघोबांचा जीव भांड्यात पडला. फांदीवर सगुणा तोंडात पंजा कोंबून रडत होती.

चार दिवसांनी दुकानासमोर शोकसभा भरली. झाड नको इतकं उंच आहे, असा ठराव झाला. कोल्होबाने प्रत्येकाला एक साधा गोळा दिला. दुःखात नुसता कसा द्यायचा, म्हणून वर थोडं घातलं. सगळ्यांनी डोळे पुसत वाडगे पुढे केले. सगुणा एकटी उठून गेली. तिला जनरीत कळत नाही, असं सगळे म्हणाले.

तात्पर्य : वरचं कधीही मोजू नये. वाघ मोजत नाही, आणि त्याची तब्येत बघा कशी ठणठणीत आहे.