एक जूनचा पासवर्ड

लातुरात कुणाच्या घरी माणूस गेला की लोक भेटायला जातात, चटईवर बसतात आणि "कसं झालं?" म्हणून विचारतात. आमचे शेजारी व्यंकटराव बिराजदारही जातात. तेही चटईवर बसतात आणि मग थोरल्या मुलाकडं वळून हळू आवाजात विचारतात, "पासवर्ड कुणाला सांगून गेले का?"

सुरुवातीला लोक चिडायचे. पण पंधरवड्यात दुकानाची वेबसाइट उघडेनाशी व्हायची, वडिलांच्या फोनमधले फोटो निघेनासे व्हायचे, आणि तोच थोरला मुलगा बिराजदारांच्या दारात चपला काढताना दिसायचा. बिराजदारकाका त्याला आधी चहा द्यायचे, मग बोलणी.

काका औसा तालुक्यातल्या एका हायस्कुलात कारकून होते. त्र्याण्णवच्या भूकंपात शाळेची इमारत बसली आणि जनरल रजिस्टर तिच्याखाली गेलं. त्याबद्दल ते एवढंच सांगतात, "एकच प्रत होती. ती बी एकाच कपाटात." पुढं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली, तेव्हा पोरांच्या जन्मतारखा नव्यानं लिहायचं काम त्यांच्याकडं आलं. आईबाप सांगायचे, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. ज्वारी काढणीला आली होती तेव्हा झाली. कारकुनाला आकडा लागतो. ज्याची तारीख सापडली नाही, त्याच्यापुढं बिराजदारांनी शिरस्त्याप्रमाणं एक जून टाकला.

त्या पोरांची आज लातुरात घरं, दवाखाने, दुकानं आणि शिकवणीचे क्लास आहेत. त्यातल्या बहुतेकांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचं नाव आणि पुढं शून्य एक शून्य सहा. "चोराला एक किल्ली पुरती," काका म्हणतात, "आन् किल्ली मीच घडवून दिली." निवृत्तीनंतर ते ही चूक दुरुस्त करत फिरतात. लग्नात आहेर देताना नवरदेवाच्या कानाशी लागतात. लोकांना वाटतं आशीर्वाद देतायत. ते विचारत असतात, "एक जूनच ठेवलाय का अजून?"

त्यांचा दुसरा प्रश्न, "बॅकअप घेतला का?" हा मला पहिल्या भेटीतच विचारला गेला. मी वर्तमानपत्रात काम करतो. ऑफिसात घेतात, असं मी सांगितलं.

"ऑफिस कुठं हाय?"

"लातूरला."

"आन् बॅकअप?"

"तोही लातूरलाच."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू पुढच्या वेळी ते चटईवर बसणार ते माझ्याच घरी. त्यांचा नियम असा: कामाच्या तीन प्रती पाहिजेत, आणि त्यातली एक दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांची तिसरी प्रत नांदेड जिल्ह्यात, लोह्याला बहिणीकडं असते. पेन ड्राइव्ह कापडात शिवून ते लोह्याकडं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतात. बहीण तो लवंगांच्या डब्यात ठेवते. आता हे काम इंटरनेटवरून फुकट होतं, असं मी सुचवलं होतं. काकांनी विचारलं, "ते इंटरनेट कुठं ठेवायलेत, ते सांगा. गाव सांगा."

निकालाच्या मोसमात काकांना फार काम असतं. शाळेतल्या संगणकावर हात बसल्यावर एकेकाळी शिकवणीवाल्यांच्या कितीतरी वेबसाइट ते सांभाळायचे. मग एकेक क्लास मोठा झाला, त्यानं पुण्याची कंपनी धरली. उरले गव्हाणे सर. तेही त्या पत्र्याच्या शेडमधले, एक जूनचे.

गव्हाणे सरांना वेबसाइट उघडताच आपला फोटो आकाशातून उतरायला हवा होता, मागं सनई हवी होती आणि दोन्ही बाजूंनी फुलं पडायला हवी होती. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, जळकोटच्या पोराच्या मोबाइलवर तुमचं डोकं उतरस्तोवर तो दुसऱ्या क्लासला पैसे भरून येईल. फोटो हलका करा. फोन नंबर वर घ्या. फी लपवू नका."

"फी लपवली नाही काका, 'संपर्क साधा' लिहिलंय."

"तेच म्हणायलो."

शेवटी सनई गेली, फुलं राहिली. पासवर्ड बदला, हे मात्र गव्हाणे सरांनी दर वेळी "हाव हाव" म्हणून पुढं ढकललं.

यंदा निकाल लागला आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत सरांचा फोन वाजायचा थांबला. दोन दिवस त्यांना काही कळलं नाही. वेबसाइट उघडून पाहिली तर सगळं जागच्या जागी: तेच टॉपर, तीच फुलं. कुणीतरी नाव आणि एक जून घालून आत शिरलं होतं आणि फक्त वरचा फोन नंबर बदलून समोरच्या क्लासचा टाकला होता. टॉपर बदलायची गरजच पडली नव्हती. दोन्ही क्लासचे टॉपर एकच होते.

मी त्या दुपारी माझा लॅपटॉप घेऊन काकांकडं बसलो होतो. गव्हाणे सर घाम पुसत आले.

"काका, जागा रिकाम्या पडतील. हॉल भाड्यानं घेऊन ठेवलेत. पासवर्ड पण बदललाय त्यांनी, आत जाता येईना."

"बसा. पाणी प्या. जन्मतारीख बदलायला सांगितली नव्हती तुम्हाला, पासवर्ड सांगितला होता."

"चुकलं."

"तुमचं अर्धं, माझं अर्धं."

काकांनी 'पासवर्ड विसरलात का' वर बोट ठेवलं. आता नोंदवलेल्या मोबाइलवर आकडे येणार होते. ते आकडे इथं घातले की वेबसाइट परत मिळणार होती. तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी किणकिणलं. फडताळात साखरेच्या डब्याशेजारी एक जुना बटणांचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

"सर, आत जा," काका म्हणाले. खुर्चीवरून हलले नाहीत. "आकडे वाचा."

गव्हाणे सर गेले आणि वर्गात सूत्र सांगावं तसे सहाही आकडे एका दमात म्हणून मोकळे झाले. काकांनी एकच लिहिला. वेळ संपली.

"असं न्हाई," काका म्हणाले. "एकेक सांगायचा. सांगितला की विचारायचं, लिव्हलं का. मी हाव म्हणलं की पुढचा. आन् म्होट्यानं. ही कुकर चालू असताना बी ऐकू येईल असं सांगायची."

गव्हाणे सरांनी आतून माझ्याकडं पाहिलं. काकूंना जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. शहरात ज्यांच्या सहीशिवाय दहा-दहा मास्तर हलत नाहीत, ते सर फडताळापुढं उभे राहिले आणि पुन्हा आलेला एकेक आकडा मोठ्यानं विचारत राहिले, "लिव्हलं का?" काका प्रत्येक वेळी "हाव" म्हणाले. वेबसाइट उघडली. काकांनी नवा पासवर्ड करायला लावला, फोन नंबर सरांचा टाकला. पाच मिनिटांत सरांचा मोबाइल वाजला. मुरुडचे पालक होते. सरांनी खिडकीत जाऊन फी सांगितली. संपर्क साधा म्हणाले नाहीत.

परत आल्यावर सर घुटमळले. "काका, वेबसाइटला काकूंचा नंबर का हो?"

"मी फोन बाळगत नव्हतो तेव्हा. घरात तिचाच होता. मी इथं बसायचो, ती आतून सांगायची."

"पण आता... उद्या तुम्ही गावाला गेलात आणि असंच झालं तर? माझ्या नंबरवर घ्यावा म्हणतो."

हे काकांच्या तोंडचंच वाक्य होतं. ज्याची वेबसाइट, त्याच्याच हातात नंबर. हे ते प्रत्येकाला सांगतात. पुण्याकडं गेलेल्या क्लासांनी आपापले नंबर कधीच लावून घेतले होते. फडताळातल्या फोनवर येणारी ही शेवटची वेबसाइट होती.

काकांनी नंबराचा रकाना उघडला. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले. "सांगा नंबर."

त्यांनी तो स्वतः टाइप केला, दोनदा तपासला आणि सरांच्या मोबाइलवर आकडे आल्याची खात्री करून घेतली. सर पाया पडून गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. काकांची स्वतःची एक लहानशी वेबसाइट आहे. तिच्यावर ते लोकांसाठी सूचना लिहितात: अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, सायबर कॅफेतून उठताना खात्यातून बाहेर पडा, असं. ती कुणी फारशी वाचत नाही. मी विचारलं, "काका, तुमच्या साइटला कुणाचा नंबर आहे?"

"तो बदलायचा हाय," ते म्हणाले. "बदलायलो."

पण त्यांनी बदलला नाही. ते त्या साइटमधून बाहेर पडले आणि लगेच पुन्हा आत जायला नाव टाकलं. आत काकूंचा फोन किणकिणला. मी उठायला लागलो.

"तुम्ही इकडं खुर्चीवर बसा," काका म्हणाले. "मी जातो."

ते फडताळापुढं जाऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर घेऊन फोन डोळ्यांजवळ धरला. घरात कुकर लागलेला नव्हता, पंखाही बंद होता, आणि आमच्यामध्ये जेमतेम चार पावलांचं अंतर होतं. तरी ते मोठ्यानं म्हणाले, "चार. लिव्हलं का?"

"लिहिलं," मी म्हणालो.

"नऊ. लिव्हलं का?"

मी लिहिलं म्हणालो आणि पुढच्या आकड्याची वाट बघत राहिलो. त्यांना कसलीही घाई नव्हती.